भैरी सापडत नाही

स्क्रीनवरची ओळ राहीने परत वाचली. वाचून अर्थ बदलणार नव्हता, तरी वाचली. शब्द इंग्रजीच होते, 'अनडिफाइन्ड रेफरन्स' वगैरे, पण मराठीत आणले तर एवढंच निघत होतं की भैरीकडचं काहीतरी हवंय नि भैरीचा पत्ता नाही.

"आंधळा हायस काय रे?" ती कम्प्युटरला म्हणाली. "एवढा पुढं तर बसलाय तो."

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात ती सकाळपासून एकटीच बसली होती. खाली बर्फाचं गोदाम, वर ही खोली, नि खिडकीतून समोर खाडीचं तोंड. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या बाजूच्या सगळ्या होड्या याच तोंडातून समुद्रात जातात. पावसाळ्यात तिथली वाळू सरकते. गेल्या साली जिथून लाँच बिनघोर गेली तिथेच यंदा ती पोट टेकून बसेल, काही सांगता येत नाही, आणि वरून बघून तर अजिबात कळत नाही, कारण पाणी वरून सगळीकडे सारखंच गढूळ.

म्हणून राहीच्या भावाने, संदेशने, जहाजावर नोकरीला लागायच्या आधी एक प्रोग्राम लिहून ठेवला होता. भरती-ओहोटीचा हिशोब एका बाजूला, खाडीच्या तळाची मापं दुसऱ्या बाजूला, दोन्ही जुळवायची नि जेटीवरच्या मोठ्या फळ्यावर लाल आकड्यांत दाखवायचं की आत्ता तोंडावर पाणी किती. सुरवातीला लोक हसले. नंतर फळा बघितल्याशिवाय कोणी नांगर उचलीना.

यंदा पत्रा गळला आणि पाणी बरोब्बर कम्प्युटरवर पडलं. फळा काळा झाला. सोसायटीने दुसरा कम्प्युटर आणला, संदेशने लिहिलेलं सगळं पेनड्राइव्हवर होतं, पण लिहिलेलं म्हणजे चालणारं नव्हे. नव्या मशीनवर ते पुन्हा बांधून घ्यावं लागतं. संदेश कुठल्यातरी समुद्रात होता, त्याचा फोन लागत नव्हता. आता बांधणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा राही म्हणाली होती, मी.

ते ऐकून तिचे बाबा, बाळा तांडेल, नुसते तिच्याकडे बघत राहिले होते. अकरावीत केमिस्ट्रीच्या बाईंच्या अंगावर जर्नल फेकून घरी आलेली ही पोरगी. परत कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं. विरारच्या रुपाली मावशीने तिच्यासाठी नर्सिंगच्या कोर्सला जागा बघून ठेवली होती, आईने बॅगसुद्धा काढून उन्हात टाकली होती. राहीला विरार नको होतं. नर्सिंगही नको होतं. काय हवं होतं ते विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं, पण संदेश काम करायचा तेव्हा त्याच्या खांद्यावरून बघत बसायला तिला आवडायचं, आणि बघून बघून बरंच काही हाताला लागलं होतं.

शेवटी बाबांनी एका वाक्यात निकाल लावला होता. होड्या सुटायच्या आधी फळा पेटला तर ऱ्हा हितं, नायतर सोमवारी विरारची गाडी.

होड्या उद्या पहाटेच्या भरतीला सुटणार होत्या.

आणि भैरी सापडत नव्हता.

संदेशने प्रोग्रामचे तुकडे करून ठेवले होते. एकेका तुकड्याला लायब्ररी म्हणायचं. सगळ्यात मुळाची लायब्ररी भरती-ओहोटीचा हिशोब करायची, तिचं नाव त्याने गावच्या देवावरून ठेवलं होतं भैरी, कारण त्याच्याशिवाय वाडीत पान हलत नाही. दुसरी खाडी, तिच्यात तळाची मापं. तळ किती खोल ते तिला ठाऊक, पण आत्ता पाणी किती चढलंय ते तिला भैरीला विचारावं लागायचं. तिसरी फळा, ती आकडे रंगवायची, आणि कुठले आकडे ते खाडीला विचारायची. ह्या तिघांच्या जिवावर एक छोटीशी फाईल होती, मुख्य नावाची. ती फक्त म्हणायची, फळा दाखव.

तुकडे तयार झाले की शेवटी लिंकर नावाचा प्रकार येतो नि सगळे तुकडे एकमेकांना टाचतो. त्याला एका ओळीत नावं द्यायची. संदेशने ती ओळ लिहिली होती लग्नाची पत्रिका लिहावी तशी. डोक्यावर भैरी. मग खाडी, मग फळा. आणि सगळ्यात शेवटी, आपला नम्र म्हणून सही करावी तशी, मुख्य.

राहीला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. वाडीत कुठलाही कागद असाच सुरू होतो. पाण्याच्या टाकीच्या अर्जावरसुद्धा वर 'श्री देव भैरी प्रसन्न' असतं.

सकाळी तिने ती ओळ आहे तशी चालवली तेव्हा लिंकर म्हणाला, फळा सापडत नाही. फळा डोळ्यांसमोर होता. नेटवर कुणीतरी लिहिलं होतं की आपली मुख्य फाईल आधी लिहा. लिहिली. फळ्याची तक्रार गेली, पण आता म्हणे खाडी सापडत नाही. मगाशी खाडीबद्दल एक अक्षर नव्हतं! तिने चिडून खाडी नि फळा यांची अदलाबदल केली. कारण काही नव्हतं, हात शिवशिवत होते म्हणून. तर खाडीही सापडली, आणि तक्रार येऊन बसली थेट भैरीवर.

म्हणजे एकाला शोधून दिला की दुसरा गायब. लपाछपी खेळत होते का काय सगळे?

तिने भैरीची लायब्ररी उघडून आत काय काय आहे त्याची यादी काढली. लिंकरला जे हवं होतं ते 'भैरी पाणी' नावाचं काम तिथे ठळक बसलं होतं. तिने बोट ठेवून अक्षर नि अक्षर जुळवून बघितलं. तेच होतं. मग तिने भैरी पुसून पुन्हा बांधला. कम्प्युटर बंद करून चालू केला. पंखा बंद केला, कारण पंख्याच्या आवाजाने डोकं उठलं होतं. कशाने फरक पडला नाही.

मग नाइलाजाने सोहमला फोन लावला. सोहम तिच्या शाळेतलाच, दोन वर्षं पुढे, आता रत्नागिरीत कम्प्युटरचं कॉलेज करत होता नि ते कुणाला विसरू देत नव्हता. त्याने तिच्याकडून सगळी ओळ वाचून घेतली, बराच वेळ हूं हूं केलं, आणि सांगितलं की नावांचा क्रम फार महत्त्वाचा असतो. पण तुझा क्रम बरोबर आहे. पाया आधी भरतात, मग भिंती. भैरी पाया आहे, तो पहिलाच पाहिजे. बिघाड दुसरीकडे आहे, तू सिस्टीमच नवीन टाक.

"सकाळधरनं जे चालत नाय तेच बरोबर हाय म्हणतोस?"

"मी थिअरी सांगतोय."

"तुझ्या थिअरीवर वाळत घाल तुझी चड्डी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ठेवल्यावर वाटलं, नको होतं बोलायला. पण क्रम महत्त्वाचा, हे त्याचं वाक्य डोक्यात अडकून बसलं. तिने मघापासून मुख्य हलवला होता, फळा हलवला होता, खाडी हलवली होती. भैरीला तेवढा हात लावला नव्हता. मुद्दाम नव्हे, सुचलंच नव्हतं. आताही सुचलं नाही.

दुपारी खालून आईची हाक आली. जेटीवर भैरीच्या घुमटीत, त्या छोट्या देवळात, नारळ द्यायचा होता, होड्या सुटायच्या आदल्या दिवशी देतात तसा, नि सगळ्या घरांतलं माणूस हजर हवं. राही पाय आपटत उतरली.

घुमटीपाशी वेगळाच घोळ चालू होता. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचा, मान काशीरामकाकांचा, तेच सोसायटीचे चेअरमनही. पण बर्फाची गाडी उशिरा आली म्हणून ते रस्त्यावर ड्रायव्हरशी हुज्जत घालत उभे होते. इकडे बाबांना डिझेल भरायची घाई. त्यांना कुणीतरी म्हणालं, बाळा, आटप रे. त्यांना वाटलं गाऱ्हाणं झालं. त्यांनी नारळ उचलला नि फाडकन फोडला.

काशीरामकाका घाम पुसत आले तो समोर दोन भकलं.

"कोणी फोडलान?"

बाबांनी मान खाली घातली.

"काय मागितलंस त्याच्याकडं?"

"काय नाय. मला वाटलं तुमचं बोलून झालं."

"मागितलंस नाय नि नारळ दिलास?" काकांना राग आला होता की हसू येत होतं ते कळत नव्हतं. "अरे, तो आला, बघितलान इकडं तिकडं, कोण काय बोलत नाय, गेला माघारी. आता गाऱ्हाणं घालून ऐकणार कोण? तुझा मेव्हणा?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कुणी म्हणालं, फोडला तर फोडला, देवाला काय कळत नाय का मनातलं. काका म्हणाले की मनातलं कळत असतं तर गाऱ्हाणं कशाला काढलं असतं जुन्या लोकांनी. त्यावरही दोन बाजू झाल्या. शेवटी पोराला पिटाळून दुसरा नारळ आणवला, काकांनी वाडीतल्या प्रत्येक होडीचं नाव घेऊन मागणं मागितलं, लोक व्हय म्हाराजा म्हणत गेले, नि मग नारळ फुटला.

राही व्हय म्हाराजा म्हणायची विसरली होती. तिचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. आईने कोपर मारलं.

आला, बघितलान, कोण काय बोलत नाय, गेला माघारी.

ती चपला हातात घेऊन जिना चढली.

लिंकर ओळ वाचतो ती डावीकडून उजवीकडे, नि एकदाच. तो प्रत्येकाच्या दारात जातो तेव्हा त्याच्या हातात फक्त तोवर कुणी मागितलेलं असतं तेवढंच. आधी मुख्य, तो म्हणाला फळा हवा. पुढचं दार भैरीचं. लिंकरने विचारलं, तुमच्याकडे फळा आहे का? भैरीकडे फळा कुठला असणार! मग लिंकर पुढे गेला, भैरीला तिथेच सोडून. फळ्याने खाडी मागितली, खाडी भेटली. खाडीने भैरीचं पाणी मागितलं, पण तोवर भैरीचं दार मागे पडलेलं, नि लिंकर मागे वळतच नाही. मागणाऱ्यांच्या आधी बसवला म्हणूनच तो सापडत नव्हता.

तिला हे कळलं असं वाटलं, नि लगेच वाटलं की नाही कळलं, कारण मग संदेशच्या मशीनवर हीच ओळ वर्षभर चालली कशी? पण विचार करत बसायला वेळ नव्हता. तिने भैरीला मुख्यच्या शेजारून उचलला नि शेवटी नेऊन ठेवला. मुख्य, फळा, खाडी, भैरी. एंटर.

काहीच आलं नाही. ना लाल, ना हिरवं. नुसता कर्सर लुकलुकत राहिला. तिला वाटलं मशीन अडकलं. मग फोल्डरमध्ये बघितलं तर प्रोग्राम तयार होऊन पडला होता.

तेवढ्यात बाबा वर आले, हातात खोबऱ्याचे तुकडे. राहीने खुर्ची मागे ढकलली नि एका दमात सगळं सांगितलं, की काकांनी म्हटलं ना तसंच आहे, आधी मागायला लागतं, म्हणून मी भैरीला टाकला सगळ्यांच्या शेवटी, नि झालं की हो!

बाबांनी खोबरं टेबलावर ठेवलं.

"कुठं टाकलास म्हणालीस?"

"शेवटी."

"खाडीच्या खाली?"

"खाली नाय. नंतर."

"पेटवू नको," बाबा म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तर जास्तच घोटाळा झाला. उद्या पयली फेरी, ते सांगू लागले. आज आधीच माझ्या हातनं नारळाचा घोळ झालाय. त्यात देव सगळ्यांच्या शेपटाला बांधून मी फळा बघणार नि होडी काढणार? कुणाच्या घरच्या पत्रिकेत देव खाली बघितलास तू?

"ही पत्रिका नाय बाबा!"

"मग संदेशने वर का घातलान?"

"त्याचं चुकलं."

"चुकलं होतं नि वरीसभर चालत होतं?"

हाच प्रश्न तिला स्वतःला पडला होता, नि तो बाबांच्या तोंडून ऐकल्यावर आणखी राग आला. विरारची बॅग दिसायला लागली. एवढं करून, चालणारा प्रोग्राम समोर ठेवून, आता देवासाठी अडायचं? हाताशी जर्नल असतं तर फेकलं असतं.

फोन वाजला. सोहम. मघाच्या चड्डीबद्दल तो काही बोलला नाही. सरांना विचारलं म्हणाला, नि त्याची थिअरी उलटी होती. राहीने फोन स्पीकरवर टाकला. लायब्ररी दोन जातीच्या असतात, सोहम सांगत होता. एक जात अशी की एकदा नाव घेतलं की ती शेवटपर्यंत हजर राहते, कोणी कधीही मागा. संदेशच्या जुन्या मशीनवर बहुतेक तसल्या होत्या, म्हणून क्रम कसाही चालला. तू बांधल्यास त्या दुसऱ्या जातीच्या, त्यांना मागणारा आधी नि देणारा नंतर लागतो.

"मग तू मघाशी पाया काय म्हणत होतास?" राहीने विचारलं.

"ते घराला," सोहम म्हणाला नि त्याने फोन ठेवला.

बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं. कळलं किती ते चेहऱ्यावरून दिसत नव्हतं. मग ते म्हणाले, असं कर, नावच बदल. त्याला पाणी म्हण, काय वाटेल ते म्हण, नि ठेव शेवटी. राहीने संदेशच्या फाईली उघडून दाखवल्या. भैरी कुठे नव्हता? पानापानावर होता, खाडीच्या पोटात होता, फळ्याच्या पोटात होता. हे सगळं बदलत बसायचं तर एक राहील नि फळा उद्या भलताच आकडा दाखवेल. बाबा वाकून स्क्रीनकडे बघत राहिले. पोराने देवाचं नाव इतक्या वेळा लिहिलंय हे त्यांना बहुतेक पहिल्यांदाच दिसत होतं.

"मग काय करतीस?" त्यांनी विचारलं. या वेळी खरोखर विचारलं.

काय करतीस ते तिला ठाऊक नव्हतं. वर ठेवला तर देत नाही, खाली ठेवला तर बाबा बघत नाहीत. ती ओळीकडे बघत बसली, नि बघता बघता मनात आलं की नाव दोनदा लिहिलं तर? कोणी अडवलंय? पहिल्या दारात लिंकर जाईल, तिथे कुणाचं काही मागणं नसेल, पुढे जाईल. शेवटच्या दारात मागणं असेल. बिघडेल काहीतरी, अशीही भीती वाटली. दोन भैरी बघून मशीन म्हणायचं, खरा कोणता?

तिने ओळीच्या अगदी डोक्यावर, मुख्यच्याही आधी, भैरी लिहिला. शेवटचा होता तो तसाच राहू दिला. एंटर.

काही आलं नाही.

"झालं काय?" बाबा म्हणाले.

"काय नाय आलं म्हंजे झालं."

"हे कसलं झालं?"

"असंच असतं ह्याचं. चुकलं की बोंबलतं, जमलं की गप."

बाबांनी ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरं ते लावत लावत वाचायचे. पहिला भैरी वाचला, मग बोट सरकवत शेवटच्यापर्यंत गेले.

"खालचा पाणी सांगतो?"

"व्हय."

"नि वरचा काय करतो?"

राहीने खोटं बोलायचा विचार केला. मग म्हणाली, "काय नाय करत. बसतो नुसता."

बाबांनी मान हलवली. "बसू दे. तेवढंच लागतं त्याला." आणि म्हणाले, पेटव.

खिडकीतून फळा पाठमोरा दिसायचा, आकडे दिसायचे नाहीत. पण जेटीवर जाळी भरत बसलेल्या माणसांनी एकदम माना वर केल्या, त्यावरून कळलं. काशीरामकाका बर्फाच्या गाडीपासून चालत पुढे आले, कमरेवर हात ठेवून फळ्याकडे बघत राहिले, मग एका पोराला छोट्या होडीत बसवून बांबू घेऊन तोंडावर धाडला. पोरगा तिथवर गेला, बांबू बुडवला, काढला, ओल्या खुणेवर हात धरून तिथूनच ओरडला. काय ओरडला ते वर ऐकू आलं नाही. काकांनी फळ्याकडे बघितलं, बांबूकडे बघितलं, नि काही न बोलता परत बर्फाकडे गेले. काशीरामकाका काही न बोलता गेले म्हणजे आकडा जुळला होता.

राहीला वाटलं होतं, आता आपण नाचू. नाच आला नाही. डोक्यात अजून तेच चालू होतं, की एका भैरीने काम केलं नि दुसऱ्याने काहीच केलं नाही, मग काही न करणाऱ्यावाचून सगळं अडलं कसं? मशीनला तो दिसलासुद्धा नसेल धड. पण तो लिहिला नसता तर उद्या बाबांनी फळ्याकडे पाठ करून होडी काढली असती. मग त्याने काही केलं की नाही केलं?

बाबा जिन्यात उभे राहून फोनवर बोलत होते. रुपाली मावशीशी.

"नाय गो, सोमवारी नाय. ... नाय, पुढच्या पण नाय. ती जागा दे दुसऱ्या कुणाला. ... हितं काम हाय तिला. ... कसलं म्हंजे? कम्प्युटरवर काहीतरी लिवते. ... नाय, मला नाय समजलं. तिला पण सगळं समजलंय असं काय दिसत नाय मला, पण फळा लागलाय."

राहीने टेबलावरचं खोबरं उचलून तोंडात टाकलं, नि सोहमला मेसेज लिहायला घेतला, की ती जी पहिली जात म्हणालास लायब्ररींची, ती हजर राहते म्हणजे नक्की कुठे राहते?